सी, डी, ई दिसल्या म्हणजे तीन डिस्क झाल्या असं नाही: डेस्कटॉपचा बॅकअप लावताना

बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, सोसायट्यांचे अहवाल, मंडळांचे फ्लेक्स. वैशाखातल्या शिवजयंतीला बारा-तेरा दिवस उरले होते. सकाळी कॉम्प्युटर चालू केला तर आतून टिक-टिक, टिक-टिक आवाज आणि पडदा काळा. तरी मी निवांत होतो. काम डी मध्ये आणि त्याची कॉपी ई मध्ये, दर शनिवारी न चुकता.

दुपारी कॅबिनेट उघडलं तेव्हा कळलं, आत डिस्क एकच होती. जोडून देणाऱ्याने तिचेच तीन भाग पाडून सी, डी, ई करून दिले होते. वरच्या खणातलं सामान खालच्या खणात ठेवायचं आणि कपाट जळालं तरी भीती नाही म्हणायचं, असा माझा सहा वर्षांचा बॅकअप.

संध्याकाळी गल्लीतल्या मंडळाचा पोरगा आला. "काका, मागच्या वर्षीचाच घ्या की. फक्त साल बदला आणि अध्यक्षांचा फोटो." मागच्या वर्षीचाच तर गेला होता.

त्यानंतर जे शिकलो ते खाली क्रमाने लिहितोय. उदाहरणं विंडोजची आहेत, कारण आपल्याकडे दुकानात आणि घरात तेच चालतं. एक खुलासा आधीच: या लेखात 'डिस्क' म्हणजे हातात धरता येते ती वस्तू, आणि 'ड्राइव्ह' म्हणजे पडद्यावर अक्षर लावून दिसते ती जागा. हा फरक डोक्यात बसला की अर्धं काम झालं.

लागणारं सामान

- कॉम्प्युटरमध्ये बसवायची दुसरी डिस्क, तुमच्या आजच्या कामाच्या किमान दुप्पट मापाची
- बाहेरून यूएसबीने जोडायच्या दोन डिस्क
- साटा डेटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी), चार स्क्रू आणि स्क्रू ड्रायव्हर (डिस्कच्या डब्यात केबल बहुतेक वेळा नसते, वेगळी मागून घ्या)
- ३२ जीबीचा एक रिकामा पेनड्राइव्ह
- छोटा यूपीएस
- एक वही. हो, कागदाची.

वहीत या गोष्टी उतरवा: प्रत्येक डिस्कचा सिरीयल नंबर आणि बिलाची तारीख, सॉफ्टवेअरचे परवाना क्रमांक आणि बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) ४८ आकडी रिकव्हरी की. ही की फक्त कॉम्प्युटरमध्येच ठेवली तर काय होणार ते सांगायला नको. नव्या लॅपटॉपसारखंच काही नव्या डेस्कटॉपवरही डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला पत्ता नसतो.

१. आधी डिस्क मोजा

स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करा आणि 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. खालच्या भागात 'डिस्क ०', 'डिस्क १' अशा आडव्या ओळी दिसतील. एक ओळ म्हणजे एक खरी डिस्क. एकाच ओळीत सी, डी, ई असे तुकडे शेजारी-शेजारी दिसले, तर तुमचीही गत माझ्यासारखीच आहे. आमच्या भागात जोडून घेतलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर हे सर्रास बघायला मिळतं. कुणी फसवलं असं नाही, तशी पद्धतच होती.

२. काय राखायचं ते ठरवा

विंडोज पुन्हा टाकता येतं, कोरल (आमचं पत्रिका-फ्लेक्स बनवायचं सॉफ्टवेअर) पुन्हा टाकता येतं. येळ्ळूरच्या गिऱ्हाइकाने चार वेळा दुरुस्त करून घेतलेली पत्रिका पुन्हा येत नाही. त्यामुळे आधी सगळं काम एका मुख्य फोल्डरखाली आणा. डेस्कटॉपवर, डाउनलोड्समध्ये आणि 'न्यू फोल्डर ७' मध्ये विखुरलेलं काम कोणतंही सॉफ्टवेअर शोधून काढणार नाही.

फोल्डरच्या नावात तारीख घालायची तर वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने घाला, म्हणजे यादी आपोआप काळानुसार लागते. गावाचं नाव एकाच पद्धतीने लिहायचं हेही ठरवून टाका. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं, आणि माझ्याकडे इंग्रजीत दोन्ही स्पेलिंगं, मराठीत बेळगाव आणि एका कामगाराने टाईप केलेलं बेलगाम, अशा चार नावांनी फाईली साठल्या होत्या. शोधायला गेलं की निम्म्याच सापडायच्या.

आता मराठी काम करणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: फॉन्ट. डिस्क गेल्यावर माझ्या जुन्या पेनड्राइव्हवर थोड्या फाईली मिळाल्या. शेजारच्या कॉम्प्युटरवर उघडल्या, तर 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांची खिचडी. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर खरं तर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. तो फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. कन्नडसाठी नुडीचे जुने फॉन्ट वापरून केलेल्या मजकुराचंही तेच होतं, आणि आपल्याकडे अर्धी कामं दोन्ही भाषांत असतात. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर तो निदान वाचता तरी येतो, मग फक्त रूप बदलतं.

म्हणून 'फॉन्ट' नावाचा एक फोल्डर कामाच्या फोल्डरमध्येच करा आणि त्यात मूळ फॉन्टच्या फाईली, सॉफ्टवेअरचा सेटअप आणि परवान्याचे कागद स्कॅन करून ठेवा. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरवर विसंबू नका. विंडोज १० च्या नंतरच्या आवृत्त्यांपासून साध्या डबल-क्लिकने टाकलेला फॉन्ट फक्त त्या वापरकर्त्याच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जातो, विंडोजच्या मुख्य फॉन्ट फोल्डरमध्ये तो नसतोच. डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची यूएसबीला लावायची किल्ली) असेल तर तो जपून ठेवा, त्याचा बॅकअप होत नाही.

छपाईला पाठवलेल्या कामाची अक्षरं 'कर्व्ह' करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून, एक प्रत ठेवली की ती कुठेही तशीच दिसते. पण तिच्यातलं नवऱ्या मुलाचं नाव मग बदलता येत नाही. दोन्ही प्रती ठेवा.

कोरल फाईल सेव्ह करताना शेजारीच 'बॅकअप ऑफ' नावाची फाईल करतं, तिच्यावर काही जण विसंबून असतात. ती त्याच फोल्डरमध्ये, त्याच डिस्कवर असते. फाईल बिघडली तर कामाची, डिस्क गेली तर तीही गेली.

आणि काय राखायचं *नाही* तेही बघा. अर्ज भरायला आलेल्या लोकांची आधार कार्डं, उतारे, एसएसएलसीची (दहावीची) मार्क्स कार्डं यांचे स्कॅन काम झालं की पुसून टाका. दुसऱ्याचे कागद पाच डिस्कवर फिरवत ठेवायची जोखीम आपल्याला कशाला?

३. दुसरी डिस्क बसवा

कॉम्प्युटर बंद करा, वायर भिंतीतून काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. डिस्कला दोन केबल लागतात, एक पॉवर सप्लायमधून येणारी रुंद आणि एक मदरबोर्डला जाणारी अरुंद डेटा केबल. दोन्हींचं तोंड इंग्रजी 'एल' आकाराचं असल्यामुळे उलटी बसत नाही. जोर लावावा लागला तर तुम्ही उलटी धरली आहे.

सगळं नीट जोडूनही डिस्क दिसत नसेल तर साटाचं दुसरं पोर्ट वापरून बघा. बऱ्याच मदरबोर्डवर एम.२ एसएसडी (थेट मदरबोर्डवर बसणारी, न फिरणारी चिपची डिस्क) बसवली की साटाचं एखादं पोर्ट बंद पडतं. मी यात एक अख्खी दुपार घालवली आणि दोष केबलला देत राहिलो.

४. डिस्क तयार करताना घाई नको

नवीन डिस्क बसवून डिस्क मॅनेजमेंट उघडलं की ते 'इनिशियलाइझ' करू का विचारतं. जीपीटी निवडा. जुन्या एमबीआर पद्धतीत २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. मग एनटीएफएस मध्ये फॉरमॅट करा. एफएटी३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. १ टीबीची डिस्क विंडोजला ९३१ जीबी दिसते. दुकानदाराशी भांडू नका, तो मोजायच्या पद्धतीतला फरक आहे.

सापळा: काम भरलेली जुनी डिस्क जोडल्यावर विंडोजने 'फॉरमॅट करायची का' किंवा 'इनिशियलाइझ करायची का' विचारलं, तर उत्तर नेहमी कॅन्सल. विंडोजला ती वाचता येत नाही एवढाच त्याचा अर्थ. फॉरमॅट करताना ओळीचा क्रमांक आणि डिस्कचं माप दोन्ही मोठ्याने वाचा. शक्य असेल तर त्या वेळी बाकीच्या बाहेरच्या डिस्क काढूनच ठेवा.

प्रत्येक डिस्कला नाव द्या आणि तेच नाव मार्करने पट्टीवर लिहून तिच्यावर चिकटवा. माझी नावं: आतल्या दोन 'काम' आणि 'रोज', बाहेरच्या दोन 'घर' आणि 'शिनोळी'. विंडोज आहे त्या एसएसडीवर मी काम ठेवत नाही. एका डिस्कला एकच काम द्यायचं. 'रोज' मध्ये जागा शिल्लक आहे म्हणून तिच्यात सिनेमे टाकायला लागलात की सहा महिन्यांत बॅकअपला जागा उरत नाही.

५. रोजचा बॅकअप

हाताने कॉपी-पेस्ट चालतं, पण लग्नसराईत तुम्ही ते करणार नाही. मीही करत नाही. मी फ्रीफाइलसिंक हे दोन फोल्डर जुळवून घेणारं सॉफ्टवेअर वापरतो. धंद्यासाठी वापरणार असाल तर त्यांच्या परवान्याच्या अटी आधी वाचून घ्या. डावीकडे 'काम' मधला मुख्य फोल्डर, उजवीकडे 'रोज' मधला फोल्डर. 'कम्पेअर' दाबलं की फरक दिसतो, 'सिंक्रोनाइझ' दाबलं की कॉपी होते.

मधल्या हिरव्या दातेरी चाकातली निवड नीट समजून करा:

- मिरर: उजवी बाजू हुबेहूब डावीसारखी करतो. डावीकडे चुकून पुसलेलं उजवीकडूनही पुसतो.
- अपडेट: नवं आणि बदललेलं तेवढं नेतो, काही पुसत नाही. पण नाव बदललेल्या फाईली दोनदा साठत जातात.
- टू वे: दोन्हीकडचे बदल दोन्हीकडे नेतो. बॅकअपसाठी हे वापरू नका.

मी मिरर वापरतो, पण एक जोड देऊन. त्याच खिडकीत पुसलेल्या फाईलींचं काय करायचं ते विचारतात, तिथे 'व्हर्जनिंग' निवडून 'जुन्या प्रती' हा वेगळा फोल्डर दाखवा आणि नावाला वेळेचा शिक्का लावायला सांगा. मग पुसलेली किंवा बदललेली फाईल नाहीशी न होता त्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. मागच्या महिन्यात गिऱ्हाईक म्हणाली, "अण्णा, परवा दाखवलेलं तेच बरं होतं, काल बदललेलं नको." परवाचं दोन मिनिटांत निघालं. हे जमलं नाही तर मिरर वापरूच नका, अपडेट बरा.

सापळा: कम्पेअर केल्यावर शेकडो फाईली 'पुसणार' असं दिसलं तर सिंक्रोनाइझ दाबू नका. बहुतेक वेळा डावीकडची डिस्क जोडली गेलेली नसते, किंवा कुणीतरी मुख्य फोल्डरचं नाव बदललेलं असतं.

हे जमलं की 'बॅच जॉब' म्हणून सेव्ह करा आणि विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये वेळ लावा. माझी वेळ दुपारी दोनची, जेवायला घरी जातो तेव्हाची. रात्री अकराची लावली होती, तेव्हा कॉम्प्युटर रोज बंदच असायचा आणि तीन आठवडे एकही बॅकअप झाला नव्हता. टास्क शेड्युलरमध्ये 'वेळ चुकली तर जमेल तेव्हा लगेच चालव' या अर्थाची एक चौकट असते, तिच्यावर खूण करा. जेवायला जाण्याआधी कोरल बंद करायला विसरू नका. उघड्या फाईलची प्रत अर्धवट राहू शकते.

ज्यांना घरचे फोटो आणि कागदच राखायचेत, त्यांना विंडोजची स्वतःची फाइल हिस्टरी पुरते. कंट्रोल पॅनलमधून ती चालू केली की मूळ सेटिंगप्रमाणे दर तासाला प्रत घेते. फक्त ती ठरावीक फोल्डरांचीच घेते, डी ड्राइव्हवरच्या फोल्डरची आपण होऊन नाही.

६. बाहेरची डिस्क बाहेरच पाहिजे

'रोज' ही डिस्क त्याच डब्यात, त्याच विजेवर आहे. एप्रिल-मेमध्ये वळीव गडगडायला लागला की एका विजेत दोन्ही डिस्क जाऊ शकतात, आणि वीज राऊटरच्या केबलमधूनही येते. दुसरी भीती गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हची. सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस कुठल्या दुकानाने बघितला नाही? मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसने जगभरच्या कॉम्प्युटरवरच्या फाईली कुलूपबंद करून पैसे मागितले. अशा हल्ल्यात जोडून ठेवलेली बॅकअपची डिस्कही सापडते.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम हेच सांगतो: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. मी तो असा बसवलाय. 'घर' ही डिस्क शनिवारी दुकानात येते, बॅकअप झाला की काढून घरी जाते. 'शिनोळी' महिन्यातून एकदा येते. ती शिनोळी गावात मामांच्या कपाटात असते, हिंडलगा, सुळगा, बाची करत वेंगुर्ला रोडने गेलं की हद्द ओलांडल्याबरोबर. सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, माझा बॅकअप मात्र महिन्याला एकदा महाराष्ट्रात जाऊन येतो.

दोन्ही एकाच वेळी दुकानात आणायच्या नाहीत. एवढाच नियम पाळा.

यूएसबीचं पोर्ट बघून लावा. आतून निळं असतं ते बहुधा यूएसबी ३. यूएसबी २ वर सेकंदाला साधारण ३० एमबी जातात, म्हणजे ४०० जीबीला पावणेचार तास. तेच यूएसबी ३ वर १०० एमबीने गेलं तर तासाभराच्या थोडं पुढे. काढताना 'सेफली रिमूव्ह' करूनच काढा. एकच डिस्क आज ई आणि उद्या एफ म्हणून दिसली की ठरवलेलं काम अडतं, म्हणून डिस्क मॅनेजमेंटमध्ये प्रत्येकीला एक शेवटचं अक्षर, व्ही किंवा डब्ल्यू, कायमचं देऊन टाका.

क्लाउडचं विचाराल तर चालू महिन्याचं काम आणि फॉन्टचा फोल्डर तिथे जरूर ठेवा. गुगलची १५ जीबी फुकट जागा त्याला पुरते. सगळं चढवायला जाऊ नका. २० एमबीपीएस अपलोड मिळालं तरी ३०० जीबीला सलग ३३ तास लागतात, आणि पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला सलग तेवढा वेळ लाईटच राहिली तर नशीब.

पावसाळ्यात डिस्क हवाबंद डब्यात, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला एसएसडी घेऊ नका, वीज न मिळता पडून राहिली तर तिच्यातला मजकूर हळूहळू उडू शकतो. तिथे साधी फिरती हार्डडिस्कच बरी.

७. विंडोजची पूर्ण प्रत

हे वर्षातून दोनदा पुरे. कंट्रोल पॅनलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)' अशा जुन्याच नावाने सोय आहे, तिथून सिस्टीम इमेज 'घर' वर घ्या आणि ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर रिकव्हरी ड्राइव्ह करून ठेवा. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ वर जाणार असाल तर आधी ही इमेज घ्या, मग जा.

८. परत आणून बघा

हे कुणी करत नाही. माझ्या वहीत प्रत्येक महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक ओळ असते. 'घर' मधून डोळे मिटून एक जुनं काम निवडायचं, ते शेजारच्या कॉम्प्युटरवर नेऊन उघडायचं आणि एक पान छापायचं. पहिल्याच वेळी २०१९ ची एक पत्रिका काढली. फाईल उघडली, फॉन्ट बरोबर, पण देवाच्या चित्राच्या जागी रिकामी चौकट. चित्र फाईलच्या आत नव्हतं, डाउनलोड्समधून जोडलेलं होतं आणि डाउनलोड्स मी कधीच पुसलं होतं. फाईल आकाराने बरोबर, तारीख बरोबर, सॉफ्टवेअरनेही हिरवी खूण दिलेली. उघडून बघितल्याशिवाय कळलं नसतं. तेव्हापासून चित्रं कामाच्याच फोल्डरमध्ये कॉपी करून मग जोडतो.

९. डिस्कची तब्येत

क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं सॉफ्टवेअर मोफत आहे. महिन्यातून एकदा उघडा. निळं असेल तर ठीक, पिवळं 'कॉशन' आलं तर त्याच दिवशी नवीन डिस्क आणायची. 'रिअलोकेटेड सेक्टर्स' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर' हे दोन आकडे (डिस्कवरच्या खराब आणि संशयास्पद जागांचे) वाढत चाललेत का ते बघा. निळं आहे म्हणून निर्धास्त राहू नका, काही डिस्क कसलीही सूचना न देता जातात. वॉरंटीत नवी डिस्क मिळते, आतलं काम नाही. आणि दोन डिस्क 'रेड' (RAID) या पद्धतीने जोडून आरशासारख्या चालवल्या तरी तो बॅकअप नव्हे. तुम्ही पुसलेलं दोन्हीकडून एकाच क्षणी पुसलं जातं.

यूपीएस काम करत बसायला नसतो. ६०० व्हीएचा असेल तर सेव्ह करा आणि बंद करा, एवढाच वेळ देतो असं धरून चाला.

१०. टिक-टिक ऐकू आली तर

लगेच बंद करा. पुन्हा-पुन्हा चालू करून बघू नका, मी सात-आठ वेळा केलं होतं. चेक डिस्क चालवू नका, फ्रिजमध्ये ठेवू नका, आणि 'उघडून बघतो की' म्हणणाऱ्याच्या हातात देऊ नका. आतल्या तबकडीवर धुळीचा कण बसला तरी पुरे. त्या डिस्कवरचं एखादं काम खरंच दुसरीकडे कुठेच नसेल, तरच डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या आणि खर्च आधी विचारून घ्या.

मग नवी डिस्क आणायला जाण्याआधी एक गोष्ट करा. तुमच्या हातात आता बॅकअपचीच प्रत उरली आहे, आणि घाबरलेल्या माणसाचा हात चुकीच्या बटणावर पडतो. तिच्यावरून आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर करून घ्या. ती नीट उघडते हे बघा. मगच परत आणायला लागा.